मजूर-संघटक मखदूम : हैदराबाद ते व्हिएन्ना



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना प्रथम वंदन करतो. मराठीच्या प्राध्यापकाने अशा व्यासपीठावरून संतवाङ्मयावर किंवा एखाद्या कादंबरीकारावर बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. तरीही आजचा माझा विषय उर्दूत लिहिणाऱ्या आणि मजुरांत वावरणाऱ्या एका माणसाचा आहे. मखदूम मोहिउद्दीन हे नाव हैदराबादच्या मराठी माणसाला परके नाही. माझ्या लहानपणी काचीगुड्याच्या आसपास राहणारी, रेल्वेत नोकरीला असलेली मराठी मंडळी त्यांचा उल्लेख 'मखदूमसाहेब' असाच करीत. गंमत अशी की, त्यांतल्या बहुतेकांनी त्यांची एकही कविता वाचलेली नव्हती. त्यांच्या लेखी ते युनियनचे मखदूमसाहेब होते. पुढे महाविद्यालयात गेल्यावर मला जे मखदूम भेटले ते संग्रहांतले आणि मुशायऱ्यांतले. दोन्ही एकच, हे ठाऊक होते. परंतु त्या दोहोंचे एकमेकांशी नाते काय, याचा विचार करण्यास निवृत्तीनंतरच सवड मिळाली.

लोकस्मृतीने यांपैकी कवीला जपले आहे. हुसेनसागराच्या बांधावर १९८६ साली जे पुतळे उभारण्यात आले त्यांत मखदूम यांचाही आहे. हिमायतनगरातील 'मखदूम भवन' आपण येताजाता पाहतो. १९६४च्या 'चा चा चा' या चित्रपटात आणि पुढे १९८२च्या 'बाजार'मध्ये त्यांच्या रचना गायिल्या गेल्या; दूरदर्शनवर अली सरदार जाफरी यांच्या 'कहकशाँ' मालिकेत त्यांचे चरित्र आले, तेव्हा मखदूम यांची भूमिका इरफान खान यांनी केली होती. फैज अहमद फैज यांनी त्यांच्या आठवणीत गझला लिहिल्या. हे सारे योग्यच झाले. मात्र या सन्मानांच्या गर्दीत मजुरांची वर्गणी गोळा करणारा, फाटकावर सभा घेणारा, संपाचा दिवस ठरवणारा आणि त्यासाठी तुरुंगात जाणारा माणूस मागे पडला. माझे प्रतिपादन असे की, मखदूम यांचा मुख्य व्यवसाय संघटकाचा होता, आणि त्यांच्या उत्तरायुष्यातील कवितेला जो जागतिक पल्ला आला तो त्या व्यवसायातून आला.

प्रथम चरित्राचा थोडा भाग. मखदूम यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०८ रोजी मेदक जिल्ह्यातील अंदोल येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि चुलत्यांनी त्यांना वाढवले. घराचे वळण धार्मिक. मशीद झाडणे, तिथले पाणी भरणे ही कामे या मुलाने केली. रशियात क्रांती झाली तेव्हा चुलत्यांनी घरच्यांना सांगितले की, त्या देशात आता श्रीमंत आणि गरीब एकाच दस्तरखानावर बसून जेवतात. ही गोष्ट मखदूम यांच्या चरित्रांत हटकून येते. साम्यवादाची मीमांसा त्यांनी पुढे केव्हातरी वाचली असेल. पण त्याआधी हे एक पंगतीचे चित्र त्यांच्या मनात होते. आपल्याकडच्या भागवत परंपरेत वाढलेल्या माणसाला या चित्राचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९२९ साली ते उस्मानिया विद्यापीठात शिकण्यासाठी हैदराबादेत आले. राहण्याची सोय नाही, हातात पैसा नाही. कधी मशिदीत झोपावे, कधी चित्रे विकावीत, कधी शिकवण्या कराव्यात, असा तो काळ. तशातही त्यांनी नाटके केली. बर्नार्ड शॉच्या नाटकावरून बेतलेल्या त्यांच्या 'होश के नाखून' या प्रयोगाला रवींद्रनाथ टागोर उपस्थित होते, आणि पुढे टागोरांच्या काव्यावर त्यांनी उर्दूत एक पुस्तिकाही लिहिली. एम.ए. झाल्यावर १९३९ साली सिटी कॉलेजात त्यांना उर्दूच्या अध्यापकाची जागा मिळाली. मुसी नदीच्या काठची ती भव्य इमारत आपल्यापैकी अनेकांनी आतून पाहिली असेल. तिथे त्यांनी जेमतेम दोन वर्षे काढली आणि राजीनामा दिला. पोरकेपणातून वर आलेल्या माणसाने सरकारी नोकरी सोडणे म्हणजे काय, हे माझ्या पिढीतील शिक्षकांना अधिक कळेल. निवृत्तिवेतनाची खात्री असलेली ती नोकरी होती. युनियनच्या कामात उद्याच्या जेवणाचीही खात्री नव्हती.

आता संस्थानाच्या परिस्थितीकडे वळू, कारण तिच्याशिवाय या राजीनाम्याचा अर्थ लागणार नाही.

निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते : तेलुगू भाषेचे आठ, मराठीचे पाच, कन्नडचे तीन. राज्यकारभार आणि विद्यापीठाचे शिक्षण उर्दूत. 'गश्ती निशाण ५३' या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या हुकुमान्वये परवानगीवाचून जाहीर सभा घेता येत नसे. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली आणि ती १९४६पर्यंत उठली नाही. परिणामी लोकांचे राजकारण भाषावार परिषदांच्या आडोशाने चालू राहिले. तेलुगू भागात आंध्र महासभा होती. आपल्या मराठवाड्यात १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. कन्नड भागात कर्नाटक परिषद. या संस्थांनी केलेली जागृती फार मोलाची आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु तिघींची कुंपणे भाषेची होती. दुसऱ्या बाजूस मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन आणि आर्य समाज यांच्यामुळे धर्माची कुंपणे दिवसेंदिवस उंच होत चालली होती. तेलुगू विणकर, मराठी फिटर, कन्नड खाणकामगार आणि उर्दूभाषी यंत्रचालक हे एकाच गाऱ्हाण्यासाठी एकाच जागी बसतील अशी ठिकाणे त्या राज्यात मोजकीच उरली होती. कारखान्याचे फाटक हे त्यांतले प्रमुख.

कारखाने तरी कोणते? सर्वसाधारण समज असा की निजामाचे राज्य म्हणजे जहागिरी आणि शेती. तो अर्धाच खरा आहे. औरंगाबाद आणि गुलबर्गा येथील कापड गिरण्या एकोणिसाव्या शतकातल्या. नांदेडची उस्मानशाही आणि वरंगळची आझमजाही या त्यांच्या मागून आल्या. शहाबादला सिमेंट, सिरपूरला कागद, बोधनला साखर, सिंगरेणीला कोळसा. खुद्द शहरात डी.बी.आर. मिल, आझमाबादेतील वझीर सुलतान कंपनीचा चारमिनार सिगारेटचा कारखाना, आणि युद्धकाळात उभे राहिलेले ऑलविन व प्रागा टूल्स. या सर्वांना जोडणारी निजाम स्टेट रेल्वे होती. १९३०पासून तिची मालकी संस्थानाकडे आलेली. लालागुड्याच्या वर्कशॉपपासून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडपर्यंत तिचा रूळ जाई. ज्याला या रेल्वेच्या नोकरांना एकत्र आणता आले त्याच्या हाती तेलंगण आणि मराठवाडा यांना जोडणारा दोर आला, असे म्हणावयास हरकत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९२६ साली झालेला ट्रेड युनियनचा कायदा या राज्याला लागू नव्हता. मुंबईत जे काम नोंदणी करून, कार्यालय थाटून करता येई, तेच इथे बराच काळ वाचनालय, साहित्यसभा किंवा मित्रमंडळ अशा नावांखाली करावे लागले. 'कॉम्रेड्स असोसिएशन' हे त्यांतलेच एक नाव. मखदूम, वैद्यकीचे शिक्षण घेतलेले राजबहादूर गौड आणि त्यांचे सहकारी इथे जमत. धर्माने वेगळ्या, वयाने तरुण अशा या माणसांनी चाळिशीच्या दशकात सिगारेट, कापड, वीज, रेल्वे अशा एकेका धंद्यात संघटना उभ्या केल्या. आणि १९४६ साली त्यांची एकत्र अशी अखिल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेस झाली. तिचे अध्यक्ष मखदूम होते.

या वाढीच्या काळाविषयी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. १९४१ साली हिटलरने सोव्हिएत रशियावर आक्रमण केल्यावर कम्युनिस्ट पक्षाने चालू महायुद्धाला 'लोकयुद्ध' मानले आणि १९४२च्या आंदोलनापासून तो अलग राहिला. स्टेट काँग्रेसचे लोक तुरुंगात असताना या मंडळींना काम करण्यास तुलनेने मोकळीक मिळाली, हा आरोप त्या वेळी झाला आणि पुढे पुष्कळ वर्षे मराठवाड्यातील जुन्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात राहिला. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि युद्धकाळातील महागाईने पिचलेल्या मजुराला धान्य आणि महागाई भत्ता हे प्रश्न कोणीतरी हाती घेणे हवे होते, आणि ते मखदूम आणि त्यांच्या साथीदारांनी हाती घेतले, हेही तितकेच खरे.

इथे मराठी श्रोत्यांना दोन नावांची आठवण करून देतो. आपल्या देशातील मजूर चळवळीला परदेशात तोंड मिळवून देणारे पहिले मराठी पुरुष म्हणजे नारायण मल्हार जोशी. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे जोशी १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत 'आयटक'ची स्थापना झाली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यास घेण्यापूर्वी याच ना. म. जोशी यांच्याबरोबर काही काळ मजुरांचे काम करून आले होते. म्हणजे संस्थानात पुढे एकमेकांना पाण्यात पाहणारे जे दोन प्रवाह झाले, स्वामीजींचा आणि मखदूम यांचा, त्या दोहोंच्या उगमापाशी मजुराचाच प्रश्न होता. या धाग्याकडे इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते, असे मला वाटते.

दुसरी तुलना वाङ्मयाच्या अभ्यासकाला सुचणारी आहे. मुंबईत १९४४ साली लाल बावटा कलापथक निघाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी गिरणगावाला गाणे दिले. युनियनचा कारभार, वाटाघाटी, खटले हे डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे. कामाची ही वाटणी तिथे होऊ शकली, कारण मुंबईची चळवळ मोठी आणि जुनी होती. हैदराबादेत ती चैन नव्हती. जो माणूस दुपारी फाटकावर मजुरीचा हिशेब सांगे, त्याचेच गीत संध्याकाळी मिरवणुकीत म्हटले जाई. 'सुर्ख सवेरा' हा मखदूम यांचा पहिला संग्रह १९४४ साली निघाला. त्या संग्रहाचे पहिले श्रोते सुशिक्षित रसिक होते तसेच निरक्षर मजूरही होते. दक्खनी बोलीच्या अंगवळणी पडलेल्या आपल्या मराठी मजुराला त्यांतले सगळे फारसी शब्द कळत नसतील, परंतु सभेत तो चाल धरी. कवितेचा अर्थ लागण्यापूर्वी तिचा ठेका अंगात भिनतो, हे आम्हा मराठीवाल्यांना ओवीने आणि पोवाड्याने शिकवलेलेच आहे.

१९४६च्या जुलैत तेलंगणातील कडवेंडी गावी दोड्डी कोमरय्या हा शेतकरी कार्यकर्ता देशमुखांच्या माणसांच्या गोळीने मारला गेला आणि खेड्यांतला असंतोष पेटला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात शहरातील मजूर खेड्यांवरील दडपशाहीचा निषेध करण्यासाठी संपात आणि मोर्च्यात उतरले. मजुरीचा किंवा भत्त्याचा प्रश्न नसताना, दूरच्या शेतकऱ्यांसाठी मजुराने एक दिवसाच्या रोजावर पाणी सोडावे, ही गोष्ट मला त्या संघटनेच्या कामगिरीत सर्वांत मोठी वाटते. सरकारलाही तिचे महत्त्व कळले असावे. वर्षअखेरीस पक्षावर बंदी आली, धरपकड झाली, मखदूम भूमिगत झाले. त्यांना पकडून देणाऱ्यास पाच हजार रुपयांचे इनाम लावले होते, असे सांगतात. ११ सप्टेंबर १९४७ रोजी रावी नारायण रेड्डी, बद्दम येल्ला रेड्डी आणि मखदूम या तिघांच्या नावाने निजामशाहीविरुद्ध सशस्त्र लढ्याची हाक दिली गेली. रझाकारांचा उन्माद त्या वेळी वाढत होता, आणि मुसलमानांचे राज्य वाचवायचे या नावाने तो चालला होता. अशा वेळी त्या हाकेखाली एका मुसलमान मजूर-पुढाऱ्याचे नाव असणे याला राजकीय अर्थ होता. २२ ऑगस्ट १९४८ रोजी 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांचा खून झाला तो अशाच बाण्यासाठी. हैदराबादच्या मुक्तीची कथा सांगताना ही नावे गाळली जातात तेव्हा कथेचा तोल जातो. आणि अलीकडे ती बरेचदा गाळली जाताना दिसतात.

यानंतरच्या तीन वर्षांविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाची सत्ता संपली. तरीही पक्षाने शस्त्रे खाली ठेवली नाहीत. त्या काळी पक्षाची सूत्रे भालचंद्र त्र्यंबक रणदिवे यांच्या हाती होती. देशभर उठाव होण्याइतकी परिस्थिती पिकली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ९ मार्च १९४९ रोजी देशव्यापी रेल्वे संपाचा पुकारा झाला आणि तो फसला. हैदराबादच्या दृष्टीने याचा परिणाम असा की, पाच वर्षे ज्या संघटनेचे प्रमुख एक तर जंगलात, नाहीतर तुरुंगात होते, त्या संघटनेतल्या मजुराला सांभाळण्यास कोणी उरले नाही. १९४७च्या मे महिन्यात इंटक आणि १९४८च्या अखेरीस समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा स्थापन झाली होती. एकाच झेंड्याखाली असलेला मजूर तीन झेंड्यांत विभागला जाण्याची प्रक्रिया सर्वत्र सुरू झाली. युनियनला रोजची देखभाल लागते. शेत एक हंगाम पडीक ठेवले तर चालते; युनियन एक वर्ष पडीक ठेवली की तण माजते. मखदूम यांनी पक्षाची शिस्त पाळली. संघटक म्हणून त्याची किंमत त्यांच्या हातच्या कामाने चुकवली. ऑक्टोबर १९५१मध्ये लढा मागे घेण्यात आला, तेव्हा ते गौड यांच्यासह त्याच वर्षी पकडले जाऊन तुरुंगात होते.

१९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मखदूम हरले. त्याच निवडणुकीत नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी पंडित नेहरूंहून अधिक मते घेऊन लोकसभेत गेले, मराठवाड्याचे व्ही. डी. देशपांडे हैदराबाद विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. राजबहादूर गौड राज्यसभेवर गेले. मखदूम त्याच वर्षी हुजूरनगरच्या पोटनिवडणुकीत निवडून आले. विधानसभेतील त्या विरोधी बाकांवर तेलुगू, मराठी आणि उर्दू बोलणारे सभासद शेजारी शेजारी बसत. १९५६ साली राज्याचे त्रिभाजन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. भाषावार प्रांतरचना न्याय्यच होती, मी तिचा पुरस्कर्ता आहे. पण फाटकावर तयार झालेली ती बहुभाषी सोबत तिच्यामुळे संपली, याची नोंद कोणीतरी करून ठेवली पाहिजे.

आता व्हिएन्ना. पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात मखदूम यांनी जागतिक ट्रेड युनियन फेडरेशनच्या व्हिएन्ना येथील मुख्य कार्यालयात काम केले. ही संस्था समजून घेतल्याखेरीज त्या कामाचे मोल कळणार नाही. महायुद्ध संपताच ऑक्टोबर १९४५मध्ये पॅरिस येथे तिची स्थापना झाली. तेव्हा तीत रशियन, ब्रिटिश, फ्रेंच, अमेरिकन अशा सर्व प्रकारच्या मजूर संघटना होत्या. जगातला मजूर प्रथमच एका छपराखाली आला, असा तो क्षण होता. चार वर्षांत शीतयुद्धाने तो मोडला. ब्रिटिश आणि अमेरिकन संघटना १९४९ साली बाहेर पडल्या, आणि त्या वर्षअखेरीस लंडनला त्यांनी स्वतंत्र महासंघ स्थापला. आपली इंटक त्या नव्या महासंघात, तर आयटक जुन्या फेडरेशनमध्ये राहिली. १९५१ साली फ्रेंच सरकारने फेडरेशनला पॅरिसमधून घालवले, तेव्हा ती व्हिएन्नाला आली. १९५६ साली ऑस्ट्रियानेही घालवल्यावर प्रागला गेली. मजुरांची ही जागतिक कचेरीही आपल्या भूमिगत कार्यकर्त्यांसारखीच बिऱ्हाडे बदलत होती.

मखदूम ज्या व्हिएन्नात राहिले ते चार सत्तांनी वाटून घेतलेले शहर होते. १९५५च्या तहापर्यंत अमेरिकन, रशियन, ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्ये तिथे होती. फेडरेशनचे अध्यक्ष इटलीचे ज्युझेप्पे दि व्हित्तोरिओ हे लहानपणापासून शेतमजुरी केलेले गृहस्थ. सरचिटणीस फ्रान्सचे लुई सायाँ. उपाध्यक्षांत आपले श्रीपाद अमृत डांगे. ऑक्टोबर १९५३मध्ये फेडरेशनची तिसरी जागतिक परिषद व्हिएन्नातच भरली. आशिया आणि आफ्रिका येथील, बहुतांशी अजून पारतंत्र्यात असलेल्या देशांतील मजूर संघटनांना अशा कचेरीत प्रथमच बरोबरीची खुर्ची मिळत होती. अंदोलच्या मशिदीत पाणी भरणारा मुलगा या टेबलाशी बसला. तिथून त्यांनी सोव्हिएत रशिया, चीन, पूर्व युरोपातील देश आणि आफ्रिका पाहिली. ना. म. जोशी वॉशिंग्टनला गेले तेव्हा त्यांची नेमणूक ब्रिटिश सरकारने केलेली होती. मखदूम यांना मजुरांच्या संघटनेने पाठवले होते. चौतीस-पस्तीस वर्षांत झालेले हे स्थित्यंतर लहान नव्हे.

परंतु या टेबलाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फेडरेशन आता सोव्हिएत गोटाशी बांधलेली होती. १७ जून १९५३ रोजी पूर्व बर्लिनमधील बांधकाम मजुरांच्या संपातून उठाव पसरला आणि तो रशियन रणगाड्यांनी चिरडला. कामाचे मान वाढवल्याबद्दल मजुरांनी केलेला संप, आणि समोर 'मजुरांचे राज्य' म्हणवणारी सत्ता. वरंगळला किंवा आझमाबादेला हेच घडते तर मखदूम कोणाच्या बाजूने उभे राहिले असते, याबद्दल शंका नको. १९५६ साली हंगेरीत रणगाडे शिरले, तेव्हा अध्यक्ष असलेल्या दि व्हित्तोरिओ यांनी आपल्या देशात त्याचा उघड निषेध केला आणि त्याबद्दल पक्षाचा रोष पत्करला. म्हणजे तसे बोलणे शक्य होते. मात्र त्यासाठी द्यावी लागणारी किंमत थोडी नव्हती. मखदूम पक्षाच्या चौकटीतच राहिले. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही हा हिशेब मांडावा लागतो. तो टाळला तर आपण चरित्र सांगत नाही, आरती म्हणतो.

व्हिएन्नाहून परतल्यावरच्या कवितेत जो बदल झाला त्याकडे समीक्षकांनी पाहिले आहे. आवाज खालचा झाला, घोषणा कमी झाल्या. 'गुल-ए-तर' हा संग्रह १९६१ साली आला. यामागे वय आणि तुरुंग ही कारणे सांगितली जातात, ती खरी असतील. मला आणखी एक गोष्ट दिसते. १९६१च्या जानेवारीत काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाली. मखदूम यांनी तीवर 'चुप न रहो' ही कविता लिहिली. १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग मारले गेले. मखदूम यांनी त्यांच्यावरही लिहिले. एरवी या कवितांना मानवतावादी म्हणून बाजूला ठेवतात. पण लुमुंबा राजकारणात येण्यापूर्वी टपाल खात्यात कारकून होते, आणि १९५५ साली काँगोतील देशी सरकारी नोकरांच्या संघटनेचे स्टॅनलेव्हिल विभागाचे अध्यक्ष झाले होते. किंग यांना मेम्फिस शहरी गोळी लागली, तेव्हा ते तिथे सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले होते. हैदराबादेतल्या कवीला या दोघांविषयी जे वाटले ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या सहृदय माणसाचे दुःख होतेच; शिवाय त्याच्या स्वतःच्या धंद्यातले दोन सहकारी गेले होते. ज्याने फाटकावर उभे राहून काम केले आहे त्याला मेम्फिसचा संप दूरचा वाटत नाही. या कविता त्यांच्या संग्रहात वाचताना मागे युनियनची कचेरी ठेवून वाचाव्यात, अशी माझी सूचना आहे.

अखेरची वर्षे फार विस्ताराने सांगत नाही. आंध्र प्रदेशात १९५८ साली विधान परिषद स्थापन झाल्यावर मखदूम तिचे सदस्य झाले आणि अखेरपर्यंत राहिले. १९६४ साली पक्ष फुटला, ते डांगे-गटाबरोबर मूळ पक्षात राहिले. १९६९ साली वेगळ्या तेलंगणाचे आंदोलन भडकले, तेव्हा त्यांचा पक्ष राज्याच्या विभाजनाविरुद्ध होता. ज्या तेलंगणासाठी त्यांनी पाच वर्षे भूमिगत काढली तिथलेच विद्यार्थी रस्त्यावर होते, आणि मखदूम दुसऱ्या बाजूला. त्या आंदोलनाच्या ऐन धुमाळीत २५ ऑगस्ट १९६९ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांना हैदराबादेत शाह खामोशच्या कब्रस्तानात दफन करण्यात आले. 'बिसात-ए-रक्स' या संग्रहाला त्या वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेलंगण राज्य अखेर २०१४ साली झाले, आणि त्या लढ्यात मखदूम यांच्या तेलंगणविषयक रचना दोन्ही बाजूंच्या लोकांनी म्हटल्या. कवीच्या वाट्याला असा न्याय कधीकधी येतो.

ज्या कारखान्यांची नावे मी मघाशी घेतली त्यांतले बरेच आता उरलेले नाहीत. वरंगळची आझमजाही मिल २००२ साली बंद झाली; नांदेडची उस्मानशाही आणि औरंगाबादची जुनी गिरणी यांची धुराडी त्यापूर्वीच थंडावली होती. कविता छापील असल्यामुळे टिकल्या. फाटकावरची भाषणे, वर्गणीच्या पावत्या, संपाची हस्तपत्रके, लालागुड्याच्या वर्कशॉपमधल्या सभांची वृत्ते हे सारे घरोघरच्या लोखंडी पेट्यांत आहे, किंवा होते. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांचे आजोबा, मामा, शेजारी निजाम स्टेट रेल्वेत, चारमिनारमध्ये, डी.बी.आर. मिलमध्ये नोकरीला होते. शाळेच्या ग्रंथालयात त्यासाठी एक कपाट ठेवण्यास मुख्याध्यापकांनी संमती दिली आहे. ज्यांच्याकडे असा कागद असेल, मग तो उर्दूत असो, तेलुगूत असो की मोडीत, त्यांनी तो इथे आणून द्यावा. उर्दू आणि मोडी वाचून देण्याचे काम मी, डोळे चालतात तोवर, करीन.